रद्द नावाचं बटण

९ फेब्रुवारी

विहीणबाई, नमस्कार.

माझं पत्र बघून दचकू नका, सगळे सुखरूप आहेत. तुमची लेक, म्हणजे माझी सून, परवा बोलता बोलता म्हणाली, "आईला फोन करू नका हं. दिवसभर दुकानदारांचे फोन घेऊन ती घरी आली की भिंतीशीसुद्धा बोलत नाही." म्हटलं, ठीक आहे. विहिणीचा मान पत्राने ठेवू. पत्र मध्येच तोडता येत नाही, हा माझा फायदा.

काम पडलं आहे म्हणून लिहितेय. काम नसताना विहिणीला पत्र लिहिण्याइतकी मी प्रेमळ नाही, हे तुम्ही लग्नातच पाहिलंत.

माझं दुकान तुम्ही एकदाच पाहिलंत, तेही घाईत. मोठ्या इस्पितळासमोर, औषधांच्या दुकानावरची एक खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर लाकडी डोकं, त्यावर ताणलेली जाळी, आणि त्या जाळीच्या एकेका भोकात आकडीने केस ओढून गाठ मारायची. एका टोपाला पंधरा-वीस दिवस जातात. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक समोरच्या इस्पितळातल्या बाया, औषधांनी केस गेलेल्या. लोक एकमेकांना टोपी घालतात, मी टोप घालते, एवढाच फरक.

आगाऊ पैसे मी घेत नाही. माल हातात नाही तर पैसे कशाचे? पण केस काही फुकट येत नाहीत, म्हणून मागच्या वर्षी लेकाने कार्डाचं मशीन आणून ठेवलं, तुमच्याच कंपनीचं. दोन बटणं शिकवली. माप घेताना 'मंजुरी' दाबायचं. टोप डोक्यावर बसला आणि बाई आरशात बघून हसली की 'विक्री' दाबायचं. हसली नाही तर टोप पुन्हा सारखा करायचा, तोवर विक्री नाही. हसण्याची अट माझी, लेकाची नाही.

आता तुमच्या कंपनीची नोटीस आली आहे, सोबत जोडते. म्हणे, आपल्या दुकानाच्या बऱ्याच मंजुऱ्यांची पुढे विक्री झालेली नाही, त्या मुदत संपेपर्यंत तशाच पडून राहिल्या, खुलासा करावा, अन्यथा मार्चअखेर सेवा बंद. भाषा अशी की जणू मी दरोडा घातला.

वय झालं, विसरते कधी कधी, असं लिहून टाकते. चालेल ना? मशीन गेलं तर मला आधी रोख मागावी लागेल. डोक्याला रुमाल गुंडाळून, कठडा धरून माझा जिना चढलेल्या बाईला 'आधी पैसे ठेवा' हे माझ्या तोंडून निघायचं नाही. त्यापेक्षा मी दुकानाला कुलूप लावीन. तेवढं बघा.

तुमची विहीण (टोपवाली)


१४ फेब्रुवारी

टोपवाल्या विहीणबाई,

इतकी वर्षं या खुर्चीवर बसते, पण कुणा दुकानदाराने मला पत्र लिहिलं नव्हतं. शिव्या पुष्कळांनी घातल्या. तुमचं पत्र मी शेजारणीला वाचून दाखवलं, लग्नाचा भाग वगळून.

आधी तुम्हाला तुमचं मशीन समजावते, कारण लेकाने बटणं शिकवली आणि अर्थ शिकवला नाही. पुरुषांची शिकवणी अशीच. तुम्ही 'मंजुरी' दाबलीत की तुमचं मशीन आमच्या कंपनीला विचारतं. आमची कंपनी कार्डवाल्यांच्या वाटेने त्या बाईच्या बँकेचं दार वाजवते: अहो, ही बाई टोप घेतेय, एवढे पैसे आहेत का तिच्याकडे? बँक खातं बघते, कार्ड चोरीचं नाही ना ते बघते, आणि सांगते, "आहेत, ठेवले बाजूला." खूण म्हणून एक क्रमांक देते. तो क्रमांक आल्या वाटेने तुमच्या मशीनवर. हे सगळं बाई पर्सची चेन लावते तोवर होतं. मी रोज बघते आणि रोज मला याचं कौतुक वाटतं. एकमेकांचं तोंड न पाहिलेले चौघे, आणि प्रत्येक जण शब्द पाळतो. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत दोनच घरं होती, तरी किती महिने लागले आठवा.

पण मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत, मंजुरी म्हणजे शब्द. पैसे त्या बाईच्याच खात्यात असतात, फक्त अडवलेले. तुम्ही 'विक्री' दाबलीत तरच ते रात्रीच्या हिशेबात निघतात आणि एक-दोन दिवसांनी तुमच्याकडे येतात. नाही दाबलीत, तर महिनाभराने तो शब्द विरून जातो. टोपही गेला आणि पैसेही गेले!

म्हणजे विहीणबाई, तुम्ही टोप देता आणि विक्री दाबायला विसरता. नोटिशीतला आकडा बघून मी कपाळावर हात मारला. आरशाच्या कोपऱ्यात चिठ्ठी चिकटवा: 'बाई हसली, विक्री दाब.' आणि खुलाशात 'विसरते' हा शब्द मुळीच लिहू नका. नात्यातलं दुकान म्हणून तुमची फाईल मी हाताळू शकत नाही. ती आमच्या तपासनिसांकडे आहे. फार कोरडा माणूस. त्यांना विसराळू दुकानदार चोरापेक्षा वाईट वाटतो, कारण चोर निदान हिशेब ठेवतो.

झोप नीट लागते ना? चष्म्याचा नंबर तपासलात का? एकटं राहून माणसाचं लक्ष उडतं कधी कधी. जपा.

तुमची विहीण (फोनवाली)


९ मार्च

विहीणबाई,

आज नमस्कार नाही.

काल तुमचे जावई आणि तुमची लेक न सांगता येऊन थडकले. चहा पिता पिता माझा लेक म्हणतो, "आई, आज वार कोणता गं?" मी म्हटलं, का, तुला माहीत नाही? मग सूनबाई म्हणाली, "मागच्या खेपेला आपण काय काय बोललो, आठवतं का हो आई?" मी सगळं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. माझ्या सोफ्याच्या रंगाबद्दल ती स्वयंपाकघरात हळूच काय म्हणाली होती, तेही. निघताना लेकाने गॅसची शेगडी दोनदा तपासली. मी दारात आडवी उभी राहिले तेव्हा कुठे सुनेने सांगितलं, की तुम्ही तिला कळवलंत, सासूबाईंना विसर पडायला लागलाय, डॉक्टरांना दाखवा.

धन्य आहे तुमची! कुणाचा भोवरा डावीकडे, कुणाच्या कपाळावर केसांचं टोक उतरलेलं, कुणाचा भांग लहानपणापासून वाकडा, हे गाठी मारताना माझ्या बोटांना पाठ असतं. मी विसरायला लागले असते तर लोकांचे भांग मानेवर पडले असते.

रागात आहे म्हणून सांगतेय, नाहीतर कुणाला सांगितलं नसतं. मी काही विसरत नाही. ज्यांची विक्री दाबली नाही, त्या टोप न्यायला आल्याच नाहीत. येण्यासाठी राहिल्या नाहीत.

तुमचं ते चिठ्ठीवालं पत्र आलं त्याच दिवशी एक गणिताच्या शिक्षिका आल्या होत्या. खुर्चीत बसल्या बसल्या मला म्हणाल्या, "पुढची बाजू कशीही करा. समोरून कुणी हसत नाही, समोरून मी डोळे वटारते. पण फळ्याकडे वळले की मागे खुसखुस सुरू होते. माझी मागची बाजू नीट करा." असं गिऱ्हाईक मिळालं की मला काम करायला हुरूप येतो. मी ती मागची बाजू दोनदा उसवली आणि पुन्हा भरली. गेल्या आठवड्यात टोप तयार झाला. दुसऱ्या दिवशी समोरची नर्स जिना चढून आली, दारातच थांबली, आणि तिने नुसती मान हलवली. टोप फळीवर आहे. मागची बाजू इतकी सुंदर जमली आहे, विहीणबाई, की बघवत नाही.

आता सांगा, त्यांच्या घरी पैसे मागायला जाऊ? पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी मशीनमध्ये शोधलं. तिसरं बटण निघालं. त्यावर लिहिलंय 'रद्द'. दाबलं की मशीन त्या बाईच्या कार्डाचे शेवटचे आकडे दाखवतं आणि विचारतं, रद्द करायचं? माणूस गेलं आणि मी तिच्यापुढे 'रद्द' म्हणू? माझा हातच गेला नाही. तेव्हापासून मी काही करत नाही. पडू देते. आपोआप विरतं, कुणाला आवाज नाही, कुणाला त्रास नाही. केस माझ्या खर्चाने गेले, जाऊ देत. जाळी उसवून दुसरीच्या मापाला लावता येतात.

हे मी खुलाशात लिहायचं का? त्या बायांबद्दल कंपनीच्या कागदावर?

आणि सोफ्याचा रंग मला आवडतो.

तुमची विहीण


१२ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

चुकले. लगेच लेकीला फोन लावला, हो, मी स्वतः, आणि सांगितलं की तुझ्या सासूचं डोकं ठिकाणावर आहे, तुझ्या आईच्या डोक्याची चौकशी कर. जावईबापूंनाही सांगितलं, शेगडी सोडा आता.

रोज किती दुकानदारांशी बोलते मी! सगळ्यांचा प्रश्न एकच, माझे पैसे कधी जमा होणार? पैसे न घेता गप्प कसं बसावं, म्हणून इतक्या जिवापाड धडपडणारी बाई मी पहिल्यांदा पाहिली. ती माझ्याच नात्यात निघावी आणि मी तिला चष्म्याचा नंबर विचारावा! मला तुमचा अभिमान वाटतो. लग्नात वाटला नव्हता, आता वाटतो.

पण एक कडू गोष्ट सांगते. दुसरं कुणी सांगणार नाही.

'कुणाला त्रास नाही' असं तुम्ही लिहिलंत, ते खरं नाही. मंजुरी पडून असते तोवर ते पैसे त्यांच्या खात्यात असून त्यांच्या कामाचे नसतात. खातं नवरा-बायकोचं असेल तर मागे राहिलेल्यालाही ते काढता येत नाहीत. आणि दिवस कुठले असतात ते? इस्पितळाचं शेवटचं बिल, गाडी, आलीगेली माणसं. आमच्याकडे फक्त दुकानदारांचे फोन येतात, पण एकदा चुकून एका गृहस्थांचा लागला. बायकोला घरी आणायचं म्हणून त्यांनी एका दुकानात तिच्यासाठी उंच-खाली होणारा पलंग सांगितला होता. ती आलीच नाही. दुकानदाराने, तुमच्यासारखंच, भिडेने काही केलं नाही. आणि हे गृहस्थ इस्पितळाच्या खिडकीशी उभे, मागे रांग, कार्ड चालत नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात विचारत होते, "बाई, मग हे पैसे आत्ता आहेत तरी कुणाकडे?" मला खरं उत्तर द्यावं लागलं, कुणाकडेच नाहीत. तेव्हापासून मला घरी फोनचा आवाज नको झाला. लेकीला कारण माहीत नाही.

म्हणून सांगते, ते बटण दाबा. माणूस रद्द होत नसतं हो. अडवणूक रद्द होते. तुम्ही दाबलंत की त्याच वाटेने, त्याच चार दारांतून उलटा निरोप जातो, 'सोडा त्यांचे पैसे', आणि रक्कम मोकळी होते. शब्द घेतला होता, तो आपल्या हाताने परत करायचा. वाऱ्यावर टाकायचा नाही.

तुमची परवानगी न घेता मी तपासनिसांना नातंही सांगितलं आणि कारणही सांगितलं. रागवायचं तर रागवा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "कारण चांगलं आहे. पण आमच्या तक्त्यात कारणाचा रकाना नाही. हाताने सोडलेली मंजुरी मला चालते, पडू दिलेली चालत नाही. आता ज्या पडून आहेत त्या त्यांनी स्वतः सोडवल्या, तर फाईल बंद करतो." ते काम मला इथून करता येत नाही. शिक्षिकाबाईंची मुदत संपत आली असेल. उशीर करू नका.

तुमची विहीण


१८ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मी तुमच्यावर चिडले, मग स्वतःवर. इतक्या बाया झाल्या, त्यांच्या घरचं कोण कोण कुठल्या खिडकीशी उभं राहिलं असेल, हे मनातून जात नाही. मी आपली समजत होते की मी जपतेय.

दाबलं. तीन होत्या, शिक्षिकाबाई धरून. दार लावून घेतलं. शिक्षिकाबाईंचा टोप फळीवरून काढून टेबलावर, मशीनसमोर ठेवला. पाठ माझ्याकडे केली, तीच त्यांची खरी बाजू. म्हटलं, "बाई, सोडते हं." दाबलं. मशीनने पुन्हा विचारलं, रद्द करायचं? किती शहाणं ते मशीन, एकदा सांगून त्याला पटत नाही. पुन्हा दाबलं. मग खुर्चीत बसून पोटभर रडले. खालच्या औषधवाल्याने वर येऊन विचारलं, पाणी आणू का.

काल त्यांचे यजमान आले. मी ओळखत नव्हते. दारात उभे राहून त्यांनी मोबाईल पुढे धरला. बँकेचा निरोप होता, अमुक रक्कम मोकळी केली, आणि खाली माझ्या दुकानाचं नाव. मला वाटलं, आता काहीतरी ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "आठ दिवस मी सगळ्यांना सांगत फिरतोय. शाळेत सांगितलं, बँकेत सांगितलं, गॅसवाल्याला सांगितलं, ती गेली म्हणून. प्रत्येक ठिकाणी कागद मागतात. तुम्ही एकट्याच निघालात, ज्यांना काही सांगावं लागलं नाही." मग टोप बघायला मागितला. हातात घेतला नाही. मागून बघितला बराच वेळ आणि म्हणाले, "भोवरा बरोबर आहे." एवढं बोलून जिना उतरले. टोप दुसऱ्या कुणाला बसला तर द्या म्हणाले.

तुमचं काम म्हणजे खुर्चीत बसून बडबड, असं मी आजवर समजत होते, आणि तसं सुनेला म्हटलंही होतं. ते शब्द मागे घेते. तुम्ही मला जे सांगितलंत ते सांगायला छाती लागते.

पण खरं सांगू? ते बटण नुसतं दिसलं तरी मी मशीनवर फडकं टाकते. आता प्रत्येक वेळी ते माझ्याच नशिबी. कसं व्हायचं?

तुमची विहीण


६ मे

विहीणबाई,

नोटीस मागे घेतल्याचं कंपनीचं पत्र तुम्हाला मिळालंच असेल. मशीन तुमच्याकडेच राहतंय. मी ऑफिसात पेढे वाटणार होते, मग वाटलं, कशाबद्दल म्हणून सांगू? एकटीनेच खाल्ले.

आज लिहायचं कारण वेगळं आहे. दुपारी तपासनीस माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "तुमच्या विहिणींनी आज सकाळी एक मंजुरी सोडली. वेळेत सोडली." एवढं सांगून जायचं, तर उभेच राहिले. हा माणूस कुणाच्या टेबलाशी उभा राहत नाही. टेबलावरची पेन्सिल उचलली, ठेवली, आणि म्हणाले, "विचाराल का?"

आमच्या पडद्यावर रक्कम असते, वेळ असते आणि पुढे 'रद्द' एवढाच शब्द असतो. मी तो बघत बसले. डबा आजही तसाच राहिला. आयुष्यात या शब्दाकडे मी कधी वळून बघितलं नव्हतं, दिवसाकाठी शेकडो जातात डोळ्यांपुढून. आता प्रत्येकामागे एक जिना दिसतो आणि तो चढणारी बाई दिसते. ही तुमची करणी.

संध्याकाळी तुम्हाला फोन लावला होता. एक घंटा वाजली आणि ठेवून दिला. ऐकवलं नसतं. पत्रानेच सांगा. कोण होती? लहान होती का?

तुमची विहीण


९ मे

विहीणबाई,

बस चालवते ती. टोप न्यायला आली, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला. मी टोप पुढे केला तर खुर्चीत बसायला तयार नाही, चोरासारखी दारातच उभी. म्हटलं, काय झालं? तिने रुमाल सोडला.

केस! नखाएवढे असतील, पण दाट आणि ताठ उभे, सगळ्या डोक्यावर. डॉक्टरांनी तिला पुढच्या वर्षापर्यंत केसांची आशा नाही म्हणून सांगितलं होतं. "तुमची मेहनत वाया गेली हो," म्हणत ती रडायलाच लागली. मी तिच्या डोक्यावरून दहादा हात फिरवला, नुसता फुकट. मग तिला मशीनपाशी ओढत नेलं आणि म्हटलं, तुमच्या हाताने दाबा. मशीनने विचारलं, रद्द करायचं? ती इतक्या जोरात "हो" म्हणाली की खालचा औषधवाला पुन्हा पाणी घेऊन वर आला.

तपासनिसांना सांगा. डबा खात जा. आणि आज संध्याकाळी मी फोन करणार आहे, उचला.

टोपवाली